वाचकांचे प्रश्न : वाजत राहिलेला टाळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती : वरून हुकूम न देता संस्था चालते का, आणि चालत असेल तर नेता म्हणवणाऱ्याने काय करायचे? म्हणून ती चार एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : चाकणजवळ माझा वाहनांचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे. साठेक माणसे कामाला आहेत. एका सल्लागाराने कारखाना ‘केऑर्डिक’ पद्धतीने चालवावा असा आग्रह धरला, ‘व्हिसा’ कार्डाचे उदाहरण दिले आणि सुपरवायझरची पदे रद्द करायला लावली. उत्पादन घटलेले नाही, परंतु आता रोज दहा बारीकसारीक गोष्टी निर्णयासाठी माझ्याच टेबलावर येतात. व्हिसाला जे जमले ते आम्हाला का जमत नाही?

उत्तर : ‘केऑर्डिक’ हा शब्द डी हॉक या अमेरिकी बँक अधिकाऱ्याने १९९० च्या दशकात ‘केऑस’ म्हणजे गोंधळ आणि ‘ऑर्डर’ म्हणजे सुव्यवस्था हे शब्द जोडून तयार केला. ज्या अनुभवातून तो शब्द निघाला तो मात्र त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीचा आहे, आणि माझ्या मते शब्दापेक्षा तो अनुभवच अधिक कामाचा आहे. सल्लागार मंडळी शब्द तेवढा सांगतात, म्हणून मागची हकीकत थोडी विस्ताराने देतो.

बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात ‘बँकअमेरिकार्ड’ नावाची सुमारे ६०,००० क्रेडिट कार्डे लोकांनी मागितलेली नसताना टपालाने घरोघरी पाठवली. थकबाकी आणि फसवणूक यांमुळे बँकेला सुरुवातीला मोठा फटका बसला, तरी कार्ड तगले, आणि १९६६ पासून बँकेने इतर राज्यांतील बँकांना ते चालवण्याचे परवाने देण्यास सुरुवात केली. त्या काळी अमेरिकेतील बँकांना परराज्यात शाखा काढता येत नसत, त्यामुळे देशभर पसरण्याचा दुसरा मार्गही नव्हता. घोळ झाला तो इथून पुढे. एका राज्यातील बँकेचे कार्ड दुसऱ्या राज्यातील दुकानात वापरले गेले, की त्या खरेदीची कागदी पावती दुकानदाराच्या बँकेमार्फत ग्राहकाच्या बँकेपर्यंत पोहोचायला हवी असे. परंतु दुकानदाराच्या बँकेला तिचे पैसे आधीच मिळालेले असल्यामुळे पावती पुढे धाडण्याची तिला काहीच घाई नसे. प्रत्येक बँक आपल्यापुरती शहाणपणाने वागत होती आणि सगळ्यांची मिळून व्यवस्था बुडत चालली होती. पावत्यांचे ढीग साचले, हिशेब जुळेनात आणि चोरांचे फावले.

१९६८ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे परवानाधारक बँकांची बैठक झाली, आणि ती परस्परांवर दोषारोप करण्यातच संपत आली. सिएटलच्या नॅशनल बँक ऑफ कॉमर्सचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या हॉक यांनी तिथे कोणताही तोडगा मांडला नाही. प्रश्न मुळापासून तपासण्यासाठी बँकांनी आपसांत समित्या नेमाव्यात, एवढेच त्यांनी सुचवले. सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडते हा आपल्याकडील सोसायट्यांचा अनुभव तिथेही खरा ठरला. त्या कामातून १९७० मध्ये नॅशनल बँकअमेरिकार्ड ही सभासद बँकांच्या मालकीची नवी संस्था उभी राहिली आणि बँक ऑफ अमेरिकाने या व्यवस्थेवरील आपली मालकी सोडली. चार वर्षांनी आंतरराष्ट्रीय संस्था झाली आणि १९७६ मध्ये ‘व्हिसा’ हे नाव आले.

आता आपल्या सल्लागाराने बहुधा गाळलेला भाग. या संस्थेत काय मोकळे होते आणि काय पक्के होते, ते पाहा. कार्ड कोणाला द्यायचे, त्यावर व्याज किती लावायचे, जाहिरात कशी करायची, शेजारच्या बँकेचे ग्राहक कसे पळवायचे, हे सर्व ज्या त्या बँकेवर सोडलेले होते. परंतु दुसऱ्या सभासद बँकेचे कार्ड आपल्या दुकानदाराने स्वीकारलेच पाहिजे, पावत्यांचा हिशेब ठरलेल्या रीतीनेच झाला पाहिजे, कार्डावरचे बोधचिन्ह ठरल्याप्रमाणेच हवे आणि सभासदत्व कोणाला विकता येणार नाही, या गोष्टींत तसूभरही सवलत नव्हती. १९७३ मध्ये व्यवहाराला मंजुरी देणारी संगणकीय यंत्रणा सुरू झाली तीही सामाईकच. म्हणजे नियम थोडे होते, पण जिथे एकाच्या वागण्याचा भार दुसऱ्यावर पडतो नेमक्या तिथेच ते होते. गोंधळ आणि व्यवस्था यांचे कुठलेतरी सोनेरी मिश्रण तिथे कोणी घोटले नव्हते. दोन्हींच्या जागा वेगवेगळ्या होत्या आणि त्या आधी ठरवून घेतलेल्या होत्या.

आंतरराष्ट्रीय वाटाघाटी तुटायच्या बेतात असताना हॉक यांनी सर्व प्रतिनिधींना शर्टाच्या बाह्यांना लावायची सोन्याची बटणे भेट दिली. एका बटणावर यशाच्या इच्छेविषयी आणि दुसऱ्यावर तडजोडीच्या मोठेपणाविषयी लॅटिन शब्द कोरलेले होते. ही हकीकत नेतृत्वाच्या व्याख्यानांतून फार गोड करून सांगितली जाते. तिच्या जोडीला हेही सांगायला हवे की कार्यालयात हॉक अतिशय काटेकोर आणि कठोर वरिष्ठ म्हणून ओळखले जात. त्यांनी १९८४ मध्ये पद सोडले. पुढे २००८ मध्ये व्हिसाचे समभाग बाजारात आले, सुमारे १८ अब्ज डॉलर उभे राहिले आणि बँकांच्या मालकीची ती जुनी रचना संपली. ज्या संस्थेचे उदाहरण आपल्याला दिले गेले, ती त्या रूपात आज अस्तित्वात नाही.

शिवाय व्हिसा हा स्वतंत्र बँकांचा संघ होता, आणि आपले कामगार म्हणजे साठ स्वतंत्र बँका नव्हेत. आपल्याला नेदरलँड्समधील ‘बुर्टझोर्ग’ ही घरोघरी जाऊन रुग्णसेवा देणारी संस्था अधिक जवळची वाटेल. योस दे ब्लोक या परिचारकाने २००६-०७ च्या सुमारास एका लहानशा गटातून ती सुरू केली; पुढे सुमारे १०,००० परिचारिका-परिचारक तिच्यात आले आणि मध्यवर्ती कार्यालयात मात्र पन्नासेक माणसेच राहिली. गटात जास्तीत जास्त १२ जण असतात. कोणत्या रुग्णाकडे कोणी जायचे, सुट्ट्या कशा वाटायच्या, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे गटच ठरवतो. गटात तंटा झाला तर मदतीला एक अनुभवी मार्गदर्शक येतो, परंतु त्याला हुकूम देण्याचा अधिकार नसतो. ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे.

आपला सुपरवायझर तीन कामे करत होता. तो कामे वाटत होता, तो भांडणे मिटवत होता, आणि कोणते यंत्र कधी रुसते, कोणता ग्राहक कोणत्या मापाबाबत अडून बसतो, ही माहिती तो डोक्यात बाळगत होता. पद रद्द झाल्यावर पहिले काम कामगारांनी उचलले, म्हणून उत्पादन घटले नाही. उरलेली दोन कामे कोणाला दिलीच नव्हती, ती आपल्या टेबलावर आली. रोज येणाऱ्या त्या दहा गोष्टी महिनाभर एका वहीत लिहून ठेवा. त्यांतल्या बहुतेक गोष्टी चार-पाच प्रकारांत बसतील असा माझा अंदाज आहे. ज्यात एका पाळीच्या निर्णयाचा त्रास दुसऱ्या पाळीला होतो, त्यासाठी एक पक्का नियम सर्वांसमक्ष ठरवून भिंतीवर लावा; जे एकाच गटापुरते आहे ते पुन्हा आपल्याकडे आले तर उत्तर देऊ नका. दुसरी सूचना पहिलीपेक्षा जड जाईल, हे मला माहीत आहे.

प्रश्न : मी लोणंदची निवृत्त शिक्षिका. दरवर्षी माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते. इतकी माणसे कोणाच्याही हुकमाशिवाय शिस्तीत चालतात, हा स्वयंशिस्तीचा चमत्कार आहे असे मी वर्गात सांगत आले. माझा भाचा म्हणतो की सगळे पोलीस आणि प्रशासन करते. खरे काय?

उत्तर : बाई, आपले दोघांचेही थोडे थोडे खरे आहे, आणि जे सर्वांत मोलाचे आहे ते दोघांच्याही बोलण्यात आलेले नाही. पाण्याचे टँकर, दवाखाने, वाहतूक वळवणे, फिरती शौचालये हे प्रशासनाचे काम आहे आणि आजच्या गर्दीत त्यावाचून सोहळा पार पडणार नाही. परंतु प्रशासन आजच्या रूपात नव्हते तेव्हाही वारी चालतच होती.

चमत्कार मात्र म्हणू नका, कारण चमत्कार म्हटले की शिकण्यासारखे काही उरत नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. ते सातारा जिल्ह्यातील आरफळचे आणि शिंदे सरकारच्या पदरी चाकरी केलेले. सोहळ्यातील घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, तंबू-राहुट्यांचा तळ पडतो, निघण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. या सगळ्यावर लष्करी छावणीची छाप उघड दिसते. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, आणि आपली जागा सोडून पुढे घुसणे कोणालाही मान्य नाही. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे त्याचाही क्रम बांधलेला आहे. एवढे सगळे पक्के.

दिंडीच्या आत मात्र दिंडीचे राज्य असते. भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, किती घ्यायची, स्वयंपाक कोणी करायचा, ट्रक कोणाचा, आजारी माणसाला कोणी सांभाळायचे, यात वरून कोणी लक्ष घालत नाही. विणेकऱ्याला मान मोठा, पण त्याचा मान गळ्यातल्या वीणेचा असतो. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली की मानही तिच्याबरोबर जातो. नवी दिंडी उभी राहायची तर कोणी शाखा काढून देत नाही, गावातली पन्नास माणसे ठरवतात आणि चालू लागतात. जुन्यांच्या मागे जागा मिळेपर्यंत कळ काढावी लागते, एवढेच.

आता मोलाची गोष्ट. लोणंदच्या तळावर आपण ती पाहिली असणार, कदाचित आरतीचा एक भाग समजून सोडून दिली असेल. संध्याकाळी पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात आणि टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चोप, म्हणजे हातातली मानाची काठी, उंच करून हाळी देतो आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत एका कोपऱ्यातला टाळ वाजत राहिला, की चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोडगा निघतो आणि मग तो टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि नंतर आरती होते.

व्यवस्थापनाच्या शिक्षणावर लाखो रुपये खर्च केलेल्या माणसांना मी हा प्रसंग सांगतो तेव्हा त्यांचे लक्ष शांततेकडे जाते, टाळाकडे जात नाही. चोपदाराची सत्ता पाहा किती थोडी आहे : तो कोणाला काढू शकत नाही, कोणाचा पगार कापू शकत नाही. त्याला फक्त सर्वांना एकाच वेळी शांत करता येते, आणि ते तो रोज करतो, ते अशासाठी की जो शांत झाला नाही तो ऐकू यावा. गाऱ्हाणे दुसऱ्या दिवसावर जात नाही, सर्वांच्या देखत मांडले जाते, आणि मांडणाऱ्याला अर्ज लिहावा लागत नाही. मानपानाचे वाद वारीतही होतात, कधी कधी मोठे होतात. तरी सुमारे १८ दिवसांच्या वाटेवर रोज संध्याकाळी जर राग रिकामा होत असेल, तर तो साचून फुटायला फारशी संधी राहत नाही.

भाच्याला पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी तळावर घेऊन जा.

प्रश्न : मी मुंबईत व्यवस्थापनाचा अभ्यास करतो. डबेवाल्यांवर आम्हाला प्रकल्प करायचा आहे. त्यांची संघटना खरोखर नेत्याविना चालते का?

उत्तर : नेत्याविना नाही, साहेबाविना चालते. वीस-पंचवीस जणांच्या गटाला मुकादम असतो, परंतु तो स्वतःही डबे वाहतो. गटाचे गिऱ्हाईक, हिशेब आणि तंटे गटापाशीच राहतात. डब्याच्या झाकणावरची खूण हा तिथला पक्का नियम : कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे तिच्यावरून कळते, त्यामुळे तीन-चार हातांतून जाणारा डबा कोणालाही विचारावा लागत नाही. आणि खरा साहेब म्हणाल तर लोकलचे वेळापत्रक. गाडी काही सेकंद थांबते, तेवढ्यात जो तो आपल्या जागी असलाच पाहिजे, हे सांगायला माणूस लागत नाही.

अचूकतेच्या त्या प्रसिद्ध आकड्यांच्या मागे लागू नका, त्यावर पुरेसे प्रकल्प झाले आहेत. हे बहुतेक लोक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले, एकमेकांचे गाववाले आणि सोयरे, आणि पुष्कळसे वारकरी. मुंबईत केलेली चूक गावच्या जत्रेत निघते. हा विश्वास बाहेरून आणता येत नाही, आणि नवख्या माणसाला आत शिरणे त्यामुळेच अवघडही जाते. आपल्या प्रकल्पात ही दुसरी बाजू यायला हवी. २०२० नंतर कचेऱ्या घरी गेल्या तेव्हा ही घट्ट वीण गिऱ्हाईक टिकवू शकली नाही, तेही लिहा.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात आम्ही दहा-बारा कार्यकर्ते एक संस्था चालवतो. अध्यक्ष नाही, पदे नाहीत, सगळे समान असे आम्ही ठरवले. प्रत्यक्षात दोन ज्येष्ठ सहकारी जे म्हणतील तेच होते, आणि पद नसल्यामुळे त्यांना जाबही विचारता येत नाही. पुन्हा पदे निर्माण करावीत का?

उत्तर : आपले निदान बरोबर आहे. पदे काढली की सत्ता जात नाही, तिची पाटी तेवढी जाते. आणि पाटी नसलेल्या सत्तेला मुदत नसते, तिची निवडणूक होत नाही, तिला राजीनामाही मागता येत नाही. ज्याच्याजवळ वेळ, जुन्या ओळखी आणि मोठा आवाज असतो, त्याच्याकडे ती आपोआप जाते. त्या दोघांच्या मनात काही वाईट असेलच असे नाही, बहुधा तसे नसतेच.

पदे निर्माण करण्याआधी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपण ऐकली असेल. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले सोबती, अशी वजनदार माणसे तिथेही होतीच. परंतु गावाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. अभ्यासगटात कोणीही कितीही बोलावे, बाहेरच्या जाणकाराने माहिती द्यावी, मतभेद काढावेत. तिथे निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा. यामुळे जाणत्याला बोलायला पूर्ण वाव मिळतो आणि त्याच्या जाणतेपणाचा हुकूम होत नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने गावाच्या हाती आले. ही कामे कायद्याचा कीस काढणारी होती. केवळ एकोप्याच्या भावनेवर ती होत नाहीत.

सर्वसहमती वेळखाऊ असते, आणि अडवणूक करणाऱ्याच्या हाती ती शस्त्रही देते. दहा-बारा जणांत, जिथे रोज भेटी होतात, तिथे हा धोका पत्करण्यासारखा आहे; दोनशे माणसांच्या संस्थेला मी हा सल्ला दिला नसता.

आपल्यासाठी म्हणून सुचवतो. चर्चेची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगवेगळ्या दिवशी ठेवा. निर्णयाच्या बैठकीत सर्वांत नव्या कार्यकर्त्यापासून बोलायला सुरुवात करा आणि त्या दोघा ज्येष्ठांची पाळी शेवटी येऊ द्या. बैठक चालवण्याचे काम दर महिन्याला दुसऱ्याकडे द्या, आणि ज्याच्याकडे ते असेल त्याने त्या महिन्यात स्वतःचे मत मांडायचे नाही, असे ठरवा. पैशाच्या व्यवहारासाठी मात्र नावानिशी आणि मुदतीसह एक जबाबदार माणूस नेमाच. तिथे समानता ऑडिटरला चालत नाही. हे सगळे त्या दोघांना आधी, एकत्र बसवून, चहाच्या वेळी सांगा, बैठकीत एकदम मांडू नका. त्यांनी ते मान्य केले नाही, तर निदान त्यांची सत्ता आहे हे सर्वांसमक्ष बोलले गेलेले असेल, आणि मग पदे निर्माण करण्याचा विषय आपल्याला त्यांच्याच उपस्थितीत काढता येईल.